तरंगत्या राज्यातली भाकरी

सांगलीत विश्रामबागेतल्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दीत माझ्या कादंबरीचा गठ्ठा कुणाच्या तरी पिशवीत गेला. पहिल्या पानावर माझा नंबर होता म्हणून बरं! दोन दिवसांनी फोन आला.

"ब्राह्मी पाटील का? माझं नाव अतिशय, मी पलूसचा. तुमची कादंबरी माझ्याकडं हाय... आणि, सॉरी, मी वाचली."

तिथल्याच कॉलेजसमोरच्या चहाच्या गाड्यावर तो भेटला. द्राक्षबागेत राबून रापलेला चेहरा, डोळ्यांत मिस्कील हसू.

"लय भारी लिवलंय. तरंगतं राज्य, बोलणारे ढग... पण एक विचारू? ह्या लोकांना भूक कवा लागती? तीनशे पानांत कुणी भाकरी खाल्ली न्हाई. राणीचं घरच दिसलं न्हाई, तर शेवटी वेढ्यात ते गेल्याचं वाईट कसं वाटणार?"

मी गठ्ठा ओढून घेतला आणि चहा अर्धा टाकून निघाले. पण रात्रभर तेच डोक्यात. दोन प्रकाशकांनी कादंबरी 'मनाला भिडत नाही' म्हणून परत पाठवली होती. का भिडत नाही, ते यानंच सांगितलं होतं.

सकाळी मीच फोन लावला. "तुमच्या घरी येऊ? बघायला..."

"मला?"

"भाकरी!"

तो केवढ्यानं हसला!

पलूसला त्याच्या आईनं, गुणमालाकाकूंनी, मला स्वयंपाकघरातच बसवलं. "बाळ, आमच्या जैनांत रात्री जेवत न्हाईत, दिवस बुडायच्या आत जेवून घे," म्हणत गरम भाकरी वाढली. बागेतून अजून न आलेल्या नवऱ्यासाठी त्या दारात जाऊन पुन्हा पुन्हा बघत होत्या.

त्यानंतर मी दर रविवारी जाऊ लागले. माझी राणी आता वेढा पडलेला असतानाही सगळ्यांना दिवसाउजेडी जेवू घालत होती, आणि न परतलेल्या पहारेकऱ्याची वाट बघत दारात उभी राहत होती.

तिसऱ्या प्रकाशकाचा होकार आला तेव्हा मी थेट बागेत गेले. अतिशयनं ऐकलं, हातातली कात्री खाली ठेवली.

"म्हंजे... आता तुमी येणार न्हाई?"

"का हो?"

"तुमी आल्यापास्नं मलाच आमचं घर नव्यानं दिसाय लागलंय. आई पीठ मळताना गुणगुणती... हे मला तिशीत कळलं, ब्राह्मी." तो वेलीकडं बघत राहिला. "रोज याल?"

"रोज यायला सांगली काय जवळ आहे?" मी म्हटलं. "राहायलाच येते की!"