नकटीची मांडणी

तिला घरात सगळे नकटी म्हणत, आणि तिचं पोट मात्र नाकावरच चालायचं. थोरल्या भावाने ती पाळण्यात असतानाच ठेवलेलं ते नाव. पुढे ती सुगंध बनवायला लागली, लांबलांबून लोक येऊन आपल्यासाठी खास सुगंध करवून घेऊ लागले, तरी दादाने नाव काही बदललं नाही. देवाने हिला नाक आखूड दिलं पण आत माल ठासून भरला, असं तो येईल त्याला कौतुकाने सांगायचा.

मग एका साध्या तापाने घात केला. ताप चार दिवसांत उतरला, पण तिला वास येईनासा झाला तो झालाच. डॉक्टर म्हणाले, येतो कधी कधी परत, वाट बघा. तिने पाच महिने वाट बघितली. रोज सकाळी टेबलाशी बसून त्रेसष्ट बाटल्या एकेक करून हुंगायची आणि प्रत्येकीत नुसतं पाणी असल्यासारखी ती खाली ठेवायची. शेवटी तिने मन घट्ट केलं. बाटल्या दुसऱ्या एका सुगंधवाल्याला देऊन टाकायच्या आणि हे काम कायमचं सोडायचं. दादा सुतार होता. बाटल्या न फुटता नेता येतील असा एक खोका कर, एवढंच तिने त्याला सांगितलं.

दादा मापासाठी म्हणून बाटल्या घेऊन गेला, तो पंधरा दिवस फिरकलाच नाही. कुठलंही लाकूड आधी हुंगायचं, ही त्याची कामाची रीत. किती मुरलंय, आत ओल आहे का, हे त्याला नाकानेच कळायचं आणि त्यात तो सहसा चुकायचा नाही. या वेळी त्याने बाटल्याही सोडल्या नव्हत्या. वहिनी फोनवर हसत सांगत होती की तुझा भाऊ टोपणं उघडून तासन्‌तास बसलेला असतो, जेवायला हाक मारली तरी ऐकू जात नाही.

त्याने आणला तो खोका नव्हताच. देवदाराची सात पायऱ्यांची मांडणी होती, पायरीला नऊ भोकं, प्रत्येक भोकाला आतून जाड लोकरी कापड. बाजूच्या फळ्या मिटल्या की तिची पेटी व्हायची आणि वरच्या पितळी मुठीला धरून ती कुठेही उचलून नेता यायची. प्रत्येक बाटली आपापल्याच भोकात बसत होती, शेजारच्या भोकात नाही. पटकन उडून जाणारे वास वरच्या पायरीवर, दिवसभर रेंगाळणारे तळाशी. बाटल्या अशाच लावतात, पण हे तिने दादाला कधी सांगितलेलं नव्हतं.

"मी खोका मागितला होता," ती म्हणाली.

"खोका लागतो तो देऊन टाकायला," दादा म्हणाला. "ही कामाला आहे."

एवढं बोलून तो गेला. घाईत मफलर खुर्चीवरच विसरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वरच्या पायरीवरची संत्र्याच्या सालीची बाटली उघडली, आणि वास आला. ती बाटली छातीशी धरून ती लहान मुलीसारखी रडली. त्या दिवशी फक्त ती पायरी उघडली. दुसऱ्या दिवशी दुसरी. रोज एक, अशा आठवड्याभरात साती पायऱ्या तिला परत मिळाल्या. तिने दादाला फोन करून पुन्हा पुन्हा आभार मानले. तो म्हणाला, पुरे आता, कामाला लाग.

ती लागली. चौथ्या पायरीवरची लवंग हुंगली की तिच्या डाव्या दाढेत कळ यायची. तिची दाढ जन्मात कधी दुखली नव्हती. लहानपणी दाढ धरून रात्ररात्र बसायचा तो दादा.

नाक थकलं की सुगंधवाले कोपराच्या खोबणीत नाक खुपसतात. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही, म्हणून नाक तिथे विसावतं. तिनेही सवयीने खुपसलं आणि दचकून हात मागे घेतला. तिथे कुणातरी परक्या बाईचा वास होता. साबण, केसांचं तेल, जरासा घाम.

मग तिने खुर्चीवरचा तो मफलर उचलला. त्याला कसलाच वास नव्हता. नाक तिथे विसावलं.

पहिला सुगंध तिने दादासाठी केला. बाटलीचं तोंड लाखेने बंद केलं आणि दुपारी त्याच्या कारखान्यात गेली. दारातच एक फळी उभी होती.

"हिच्यात अजून ओल आहे," ती बोलून गेली.

दादाने मान हलवली. "बरं झालं सांगितलंस. बाजूला ठेवतो."

तिने बाटली त्याच्या हातात दिली. त्याने ती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला.

"झकास जमलंय, नकटे. कुठे काही उणं नाही."

बाटलीच्या तोंडावरची लाख तशीच होती.

"दादा, तू काय केलंस?"

"मांडणी केली."

तिने त्याचा खरबरीत हात दोन्ही हातांत धरला. मनात त्याच्याविषयी माया दाटून आली होती. परत घे, असं म्हणायला हवं होतं. तिला ते म्हणवेना, आणि त्याची लाजही वाटली.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली, काखेत शिवणकाम. गेली दोन वर्षं जाड भिंगाचा चष्मा लावूनही वहिनीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आज चष्मा नव्हता.

"ह्यांनी मला पुस्तक ठेवायला घोडी करून दिली," वहिनी म्हणाली. "आठवडाच झाला असेल. तेव्हापासून बघ, बारीक अक्षरसुद्धा लख्ख दिसतं. सुईही माझी मीच ओवते."

वहिनीने कप दादासमोर ठेवला. दादा खुशीत हसत होता. त्याने कप घ्यायला हात पुढे केला, आणि चार बोटं अलीकडे, रिकाम्या टेबलावर, तो हात हळूहळू चाचपू लागला.