दाराले म्हणे खिडकी

पीं...

घर अजून निजलेलं होतं. भावनाची आई माणिकबाई पहाटेच बुद्धविहारात गेली होती, भाऊ धर्मेंद्र पांघरुणात गुडुप. चपला हातात घेऊन, श्वास रोखून भावना दारापर्यंत पोचली होती, आणि नेमका मागून तो आवाज.

आचल उभी. चार वर्षांची. झग्यावर कालच्या वरणाचा डाग, पायात गेल्या वर्षीचे पिपाणीचे बूट. उजव्याची पिपाणी केव्हाच बंद पडलेली. डावाच काय तो वाजायचा.

"ताई, मले बी ने."

आईला ती ताईच म्हणायची. दोन वर्षांपूर्वी फारकतीच्या कागदांवर सह्या करून, अकोल्याचं सासर सोडून भावना अमरावतीला माहेरी आली, तेव्हा पोरीला नुकतं बोलायला फुटत होतं. धर्मेंद्रमामा 'ताई' म्हणतो, म्हणून तिचीही ताई. मामा आजीला आई म्हणतो, म्हणून आजी झाली आई. सगळे हसले. असं घरोघरी होतं, कोण दुरुस्त करत बसतं!

पण तीन रविवारांपूर्वी...

भाजीची पिशवी आणि आचल सांभाळत भावना जवाहर गेटपाशी आली, तर दहाबारा माणसं मान वर करून कमान बघत उभी. त्यांना काहीतरी सांगणारा तो उंच, सावळा अनुप. अकोल्याचा, इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवणारा. रविवारी सकाळी हौसेनं लोकांना पायी शहर दाखवत हिंडायचा. तेवढ्यात आचल ओरडली, "ताई, मले गिला वडा!"

सगळे हसले. अनुपही.

"लहानी बहीण वाटते?" त्यानं विचारलं. आणि असं बघितलं – कितीतरी दिवसांत तिच्याकडे कुणी असं बघितलंच नव्हतं...

'नाही' ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

पुढचे दोन रविवार ती एकटीच गेली. आचलला झोपेतच सोडून. दर वेळी जिन्यावर थबकून मागं वळून बघायची, आणि दर वेळी उतरायचीच.

आज मात्र डावा बूट सगळ्या शहरभर वाजत होता. बाकीची मंडळी पांगली, तरी परकोटाच्या जुन्या भिंतीकडेनं तिघं चालतच राहिले. पीं... पीं... भावनाला वाटायचं, प्रत्येक घर ऐकतंय.

"ही पाहा, छत्रपुरी खिडकी," अनुप म्हणाला.

आचलनं भिंतीतल्या वाटेकडे निरखून पाहिलं. एक सायकलवाला सरळ आरपार निघून गेला.

"खिडकी कुठी हाय? हे तं दार हाय!"

"हुशार हाय वं तू! अमरावतीत दाराले खिडकी म्हणतात. नावावर जायचं नाही इथं." मग भावनाकडे वळून, आवाज जरा खाली, "तुमी अकोला पाहिलं कधी?"

"थोडंसं..." चार वर्षं तिथं राहूनही तिनं तिथला असदगड किल्ला पाहिला होता तो रिक्षातून, पुलावरून जाताना.

"असदगडावर हवाखाना हाय आमचा. चला एकदा. नुसती हवा खायची."

"हवेनं पोट भरते का?" ती हसली.

"पोटासाठी आई हाय ना घरी. तिले... सांगितलं मी. तुमच्याबद्दल." त्याचे कान लाल झाले. "म्हणलं, एक पोरगी हाय, लहान्या बहिणीले घेऊन भाजी आणाले जाते. आई म्हणे, बहिणीले इतकी जपते, मंग चांगलीच असन."

भावनाचं हसू तिथंच विझलं. 'नाही' गिळलं तेव्हा खोटं एवढंसं होतं; ते आता एसटीत बसून अकोल्याला, कुण्या माउलीच्या चुलीपर्यंत जाऊन पोचलं होतं. समोर आचल खिडकीतून आत जात होती, बाहेर येत होती. पीं... पीं...

"अनुपजी... ती बहीण नाही माझी."

त्यानं आचलकडे पाहिलं.

"मुलगी आहे. मामाचं ऐकून ताई म्हणते. तुम्ही विचारलं, आणि मी..." मान वर होईना. "अकोल्याला लग्न झालं होतं. मोडलं. त्याची लाज नाही वाटत हो मला. याची वाटते. दोन रविवार लेकरू निजलेलं सोडून, चोरासारखी येत होते."

तो भिंतीच्या दगडावरून बोट फिरवत राहिला. भुई फाटावी, असं भावनाला झालं.

"राग आला," शेवटी तो म्हणाला. "लेकरू हाय म्हणून नाही. ते घरी पडून होतं अन् मी इकडे खुशाल तुमाले वेशी दाखवत होतो – काहून नाही बोल्ल्या?"

"तुम्ही आला नसता पुन्हा."

"हे तुमीच ठरवलं?"

तो दोन पावलं गेला... थांबला... परत येऊन आचलपुढे उकिडवा बसला.

"आचलबाई, गिला वडा तिखट चालते का?"

"नाही! मले दही जास्त."

"बरं. तीन प्लेटी सांगतो." उठताना भावनाकडे न बघताच म्हणाला, "पुढच्या रविवारी सातची एसटी हाय अकोल्याची. मी स्टँडवर असन. आईले आजच फोन करतो... पण खरं सांगतो. खरं ऐकून ती काय म्हणन, माहीत नाही. यायचं तं तिघं जाऊ."

तो कोपऱ्यावरच्या गाडीकडे गेला. भावना जवळच्या एका घराच्या पायरीवर बसली. डोळ्यांतलं पाणी हसण्याचं की शरमेचं, तिलाही कळेना. आचल जवळ आली, तिच्या गुडघ्यांत शिरली. सगळं ऐकलं होतं तिनं.

"तू आई हाय माही?"

"हो गं राजा. मीच आई."

आचलनं विचार केला. डावा पाय दाबून पाहिला – पीं.

"मंग तू ताई काहून झाल्ती?"