माळशेज उतरणारी पायगाडी

कल्याणच्या बंदरावरून निघायचं, माळशेजचा माथा गाठायचा आणि मिठाच्या दोन गोण्या लादलेली पायगाडी न मोडता परत कल्याणला आणायची! अठराशे शहाण्णव सालच्या पौषात ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला भिवाजी घराबाहेर पडला तो एवढ्यासाठी. ऐकायला सोपं वाटतं ना? मग एकदा त्या घाटाची फरसबंदी बघून या. लमाणांचे बैलसुद्धा तिथे चार वेळा हुंगून पाऊल टाकतात.

शर्त घातली होती मुंबईच्या एका पायगाड्यांच्या, म्हणजे सायकलींच्या, व्यापाऱ्याने. सगळे त्याला नुसतं शेठ म्हणत. विलायतेहून त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या हलक्या, शर्यतीच्या. आपल्या रस्त्यांवर त्यांची हाडं लवकरच खिळखिळी होत. लांबच्या प्रवासाला टिकेल अशी गाडी कोणी इथेच बांधून दाखवली, तर तसल्या गाड्यांचा कारखाना तो त्या माणसाच्या हाती सोपवणार होता. होड्या बांधणाऱ्या घराण्यातल्या भिवाजीची हे ऐकून झोपच उडाली. बापाची होडी विकून त्याने नळ्या, साखळी, हवेचे टायर आणले आणि कामाला लागला. कोळीवाड्यात जो तो विचारी, "काय रं भिवा, चाकांवरची होडी कवा लोटतंस?" आता हरून परतला असता, तर त्याला वाड्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

गाडी मात्र बघत राहावी अशी होती! दोन चाकांमधलं अंतर ऐसपैस, म्हणजे खड्डा आला तरी कमरेला हिसका कमी. पुढचं चाक धरणारा चिमटा पुढे वाकवलेला, म्हणजे दगडाचा मार हातापर्यंत येऊ नये. टायर जाड, तारा भरपूर, आणि पायडलचं दातेरी चाक मुद्दाम लहान, म्हणजे चढावर पाय भरून येऊ नयेत. मागच्या चाकाला लाकडी ठोकळ्याचा ब्रेक, तोही शिडाच्या दोरीने ओढायचा. आणि ओझं सगळंच्या सगळं मागे! होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, जड झाली की ती पाण्यात घुसते, हे कोळ्याच्या पोराला काय शिकवायचं?

सोबतीला शेठने साक्षीदार दिला होता. कळव्याचा गोमाजी, मिठागरवाल्या आगऱ्याचा मुलगा. मीठ त्याचंच, गोण्यांवरची लाखेची मोहर शेठची, ती फुटली की शर्त हरली. गोमाजीच्या बुडाखाली शेठच्या दुकानातली विलायती गाडी होती, काळी चकचकीत, उचलली तर एका हातात येईल अशी. भिवाजीच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तिथेच. ज्याचं दुकान विलायती गाड्यांवर चालतं, त्याने आपला माणूस सोबत का द्यावा?

रायत्याला उल्हास नदी ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. पलीकडच्या उताराला मात्र भिवाजीचं हँडल वळवळायला लागलं. गाडी डावीकडे झुकली की त्याने उजवीकडे ओढावं, मग ती उजवीकडेच पडायला बघायची! घामाघूम होऊन तो थांबला. नदीवर तो तोंड धुवायला गेला होता, तेव्हा गोमाजी त्याच्या गाडीजवळ उकिडवा बसलेला त्याने पाहिला होता. हँडलखाली गाडीची जी मान असते, तिच्या नटाकडेच तो टक लावून बघत होता.

"काय बघत होतास रं?"

"काय नाय. गाडी बघत होतो. बघायची पण नाय काय?"

गोमाजी झाडाआड गेल्याबरोबर भिवाजीने कमरेचा पाना काढला आणि मानेचा नट करकचून आवळला. नट सैल करतोस काय, लेका? कर आता!

मुरबाडपर्यंत वळवळ वाढली. भिवाजीने पुन्हा चोरून नट आवळला. टोकावड्याला पोचेपर्यंत गाडी दारू प्यायल्यासारखी चालू लागली आणि त्याचे खांदे भरून आले. आता तर खात्रीच पटली. आपण एकदा आवळतो, हा दोनदा सैल करतो! तिथे रखमाबाईच्या झोपडीत वाटसरूंना भाकरी आणि रात्रीपुरता आसरा मिळे. ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली, कारण दोघंही भिंतीला पाठ लावून, आपापली गाडी डोळ्यांसमोर धरून जेवत होते. भिवाजीने सुक्या जवळ्याची चटणी पुढे केली, तर गोमाजीने हात मागे घेतला.

"खा की रं! कोळ्याच्या घरचा जवळा हाय!"

"तू खा आधी," गोमाजी म्हणाला.

"काय रे पोरांनो," रखमाबाई हसली, "एकमेकांची बायको पळवलीय काय?"

गोमाजीने कोरडीच भाकरी मोडली. भिवाजीच्या मनात आलं, खाईना का! चोराला घास गोड लागत नाही.

पहाटे निघाल्यावर थिटबीपासून घाट सुरू झाला आणि पायगाडीचं नाव नुसतं नावापुरतं राहिलं. पायांनी चालायचं आणि गाडी ढकलायची! एका अंगाला काळा कडा, दुसऱ्या अंगाला दरी, वर वानरांची हूप. चढ उभा झाला तसं भिवाजीच्या गाडीचं पुढचं चाक जमिनीवरून उचलायला लागलं, मागे जास्त भरलेली बैलगाडी उलाळ होते ना, तसं. गोमाजी मागून बघत होता.

"भिवा, ओझं थोडं पुढं घे. एक गोणी पुढच्या चाकाला टांग."

"म्हंजे चिमटा मोडंल आणि तू शेठला सांगशील, होय ना? मना नको शिकवू!"

"मर मग!" गोमाजी म्हणाला आणि त्याला वळसा घालून पुढे गेला. जाताना त्याने आपली गाडीही दरीच्या बाजूकडून कड्याच्या बाजूला घेतली. भिवाजीने तेही टिपलं. हा आपल्याला दरीच्या अंगाला का ठेवतोय?

माथा आला. वारा अंगावर धावून आला. खाली कोकण धुरकट पसरलं होतं, नदीची रेघ चमकत होती, आणि एरवी भिवाजी तिथे बसून घटकाभर बघत राहिला असता. पण डोळे त्या सुखाला मोकळे नव्हते. त्याने गोमाजीकडे पाठ केली, पाना काढला आणि नटाला शेवटचा पीळ दिला. आता देवाच्या बापालाही तो सैल करता येणार नव्हता!

आणि उतार सुरू झाला.

गोमाजी पुढे निघाला, गरगर फिरणाऱ्या पायडलांवरून पाय उचलून चिमट्यावरच्या खुंट्यांवर टेकवून. मागे भिवाजी, दातांत दोरी, दोन्ही मुठी हँडलवर. दगड! गाडी उडाली. वळण! हँडल वळेचना. त्याने अंगाचा जोर लावला, ते वळलं ते एकदम, आणि चाक थेट दरीच्या काठावर गेलं. खडे घरंगळले. दोरी ओढ! ठोकळा चाकावर दाबला गेला, जळक्या रबराचा वास आला, गाडी थांबली. खाली बघवेना. "आई एकवीरे!" त्याच्या तोंडून निघालं.

त्याच वेळी पुढून काड्कन आवाज आला.

वळणापलीकडे विलायती गाडी पडली होती. पुढचा चिमटा मुळापासून तुटलेला. सडसडीत, सरळ, शर्यतीचा चिमटा तो. फरसबंदीवर किती टिकणार? गोमाजी करवंदाच्या जाळीत अडकला होता. नडगी मोडली होती, मांडी फाटून रक्त भळाभळा वाहत होतं. जाळीच्या पुढे नुसतं आभाळ!

भिवाजीने गाडी टाकली आणि हात पुढे केला.

"जवळ येऊ नको!" गोमाजी ओरडला. "तूच केलंस हे! थांबलो की पाना घेऊन चोरासारखा वाकतोस, मी बघितलंय! माझा चिमटा सैल केलास तू!"

भिवाजी बघतच राहिला. म्हणजे जवळ्याला हात न लावणं, गाडी डोळ्यांसमोर ठेवणं... हा आपल्यालाच भीत होता!

"अरे, मी माझाच नट आवळत होतो!"

"कशाला?"

"तू सैल करत होतास म्हणून!"

"मी? तुझ्या गाडीला हात तरी लावू दिलास काय रं मना?"

वाद घालायला वेळ नव्हता. भिवाजीने त्याला बखोटीला धरून वर ओढलं, शिव्या खाल्ल्या, धोतर फाडून मांडी आवळली. मग स्वतःची गाडी उभी करायला गेला. पुढचं चाक उचललं गेलं आणि त्याचे हात थबकले. उचललेलं चाक आपल्या वजनाने एका बाजूला वळायला हवं. ते तसंच अडकून राहिलं, गंजल्या बिजागरीवरच्या दारासारखं. मान इतकी आवळली होती की गाडीला स्वतःचा तोल सावरताच येत नव्हता. नट कधी सैल झालाच नव्हता! मागच्या ओझ्याने पुढचं चाक हलकं पडलं, म्हणून ते वळवळलं. आपण संशयाने आवळत गेलो, तशी ती आणखी वळवळली. सगळा दोष आपल्याच हाताचा. भिवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने पाना फिरवला. चाक सुळ्ळकन बाजूला वळलं.

मग त्याची नजर गोण्यांवर गेली. लाखेची मोहर अजून शाबूत होती. एकट्याने गोण्या घेऊन उतरावं आणि खालून माणसं पाठवावीत, हाही विचार आला, नाही कशाला म्हणायचं! पण गोमाजीचा चेहरा पांढरा पडला होता. भिवाजीने कमरेच्या कोयत्याने दोऱ्या तोडल्या. मोहर फुटली, मीठ फरसबंदीवर सांडलं.

"येडा झालास काय?" गोमाजी पुटपुटला. "शर्त..."

"गप बस. आणि पुढं बस!"

रिकाम्या गोण्यांची घडी त्याने हँडल आणि बैठक यांच्यामधल्या नळीवर बांधली, गोमाजीला तिच्यावर बसवलं, मोडका पाय लाकडाला बांधून पुढच्या चिमट्याच्या खुंटीवर टेकवला. "सोड रं मना, टाकशील दरीत," तो कण्हत होता. "टाकायचा असता तर हात कशाला दिला असता?" भिवाजी म्हणाला आणि दोरी मुठीला गुंडाळून गाडी सोडली.

दगड! चाक दगडाला चिकटून गेलं. वळण! हँडल लोण्यासारखं वळलं. पुन्हा वळण! ठोकळा धुरावला, दोरी तळहातात रुतली, पण गाडी रेघ सोडीना. पुढे माणूस, मागे आपण, ओझं दोन्ही चाकांवर वाटलं गेलं होतं, आणि त्या लांब सांगाड्याला जे हवं होतं ते पहिल्यांदाच मिळालं होतं. भिवाजी रडत होता की हसत होता, ते त्यालाच कळेना.

टोकावड्याला रखमाबाईने जखमेत हळद भरली. बैलगाडी मिळेल म्हणावं, तर गावचे सगळे बैल म्हसाच्या जत्रेतल्या बैलबाजाराला गेलेले! "थांबलात तर हा राहायचा नाय," ती म्हणाली, आणि त्यापुढे भिवाजीने कुठेच पाय टेकला नाही, फक्त नदीवर. लहान दातेरी चाकाने चढ खाल्ले, जाड टायरांनी खड्डे गिळले. तिन्हीसांजेच्या आत तो कल्याणच्या दवाखान्याच्या पायरीशी उभा होता. गोमाजी शुद्धीत होता आणि शिव्या देत होता!

दुसऱ्या दिवशी शेठ दवाखान्यात आला. त्याने खाटेजवळ उभ्या गाडीभोवती फेरी मारली, एकेक तार वाजवून बघितली. एकही सैल नव्हती.

"गोण्या कुठे आहेत?"

"घाटात, शेठ. मोहर मी तोडली."

"मग शर्त हरलास."

"साक्षीदार मी हाय ना?" खाटेवरून गोमाजी म्हणाला. "ओझं पोचलं, शेठ. मिठापेक्षा जड होतं, वर वाटभर बडबडत होतं. ते मीच!"

शेठ हसला. "बरं. शर्त जिंकलास, भिवाजी. कारखाना तुझा. हीच गाडी, जशीच्या तशी, पंचवीस बांध. मागे गोण्या लादायच्या चौकटीसकट. होळीच्या आत हव्यात."

भिवाजीच्या कानात समुद्र घुमला. बापाची होडी, वाड्यातले टोमणे, सगळं त्या एका 'हो'मध्ये फिटत होतं.

"जशीच्या तशी नाय, शेठ," तो म्हणाला. "ही चुकीची हाय. ओझं मागं ठेवलं की पुढचं चाक हलतं. मी ते कबूल करीना, याच्यावर आळ घेत राहिलो, आणि दोघं मरता मरता वाचलो. पुढच्या चाकालाही ओझं पेलंल अशी बांधायला वेळ लागंल."

"मला होळीच्या आत हव्यात," शेठ म्हणाला.

"मग माझ्या हातच्या नकोत."

शेठने टोपी घातली आणि निघून गेला. त्याच्या बग्गीचा आवाज बंदराकडे विरत गेला.

"अरे येड्या," गोमाजी उसळला, "हो म्हणायचं ना! हाती आलेला कारखाना!"

"म्हटलं असतं. पण उद्या कोणीतरी तीच गाडी घेऊन घाट उतरला असता."

गोमाजीने मोडक्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "दुसरी बांधशील ना?"

"बांधणार."

"मग मना बोलाव. साक्षीदार लागंल."

"साक्षीदार नको, गोमा," भिवाजी म्हणाला. "सोबती पायजे."