खालच्या टोकाचा डबा

“ऐकू सगळ्यांना येत होतं. पत्र्याच्या डब्यावर काठी आपटली की तो आवाज काही कानात सांगितल्यासारखा नसतो, रस्त्यापलीकडच्या घरांपर्यंत जातो. आणि सगळ्यांनी काय केलं? पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. आता तेच लोक दिवसाढवळ्या सांगत फिरतात, बाग झपाटलेली आहे म्हणून. लाज वाटायला हवी.”

एवढं बोलून वेल्डरमामा गप्प झाले. वीज गेली होती. वर्कशॉपचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आत एक बॅटरीवरचा दिवा, आणि त्याच्याभोवती मामांची भाचरं नि त्यांचे मित्र, मिळेल त्या लोखंडावर बसलेले.

“लाज कुणाला वाटायला हवी, मामा?” कॉलेजातल्या भाचीने विचारलं.

“मी नाव घेत नाही. ज्याला झोंबायचं त्याला झोंबेल.”

“पण भुताची गोष्ट आहे ना? मग भूत कधी येणार?” तिचा धाकटा भाऊ म्हणाला.

“तुझ्यासारखं नाही ते, ताट मांडलं की हजर. येईल त्याच्या वेळेला. माझ्या मावसबहिणीच्या मुलीवर गुदरलेली गोष्ट आहे ही. तिच्याच तोंडून ऐकली आहे. आणि ती बाई खोटं बोलणाऱ्यातली नाही. खरं बोलूनच तिने इतकी भांडणं ओढवून घेतली आहेत की खोट्याला तिच्याकडे सवडच नाही.”

मग मामांनी सांगायला सुरुवात केली.

तिला सासरी सगळे ‘धाकटी’ म्हणत. नवरा लांबच्या शहरात क्रेन चालवायचा. ती एकटी उतारावरची जर्दाळूची बाग सांभाळायची. सासऱ्यांनी लावलेली बाग. वरच्या टोकाला घर आणि फाटक, खालच्या टोकाला ओढा, आणि रस्त्यापलीकडे थोरल्या दिराचं नवं सिमेंटचं घर.

तो फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार होता. चार दिवस ऊन असं पडलं होतं की लोकांनी स्वेटर धुऊन पेटीत टाकले. बागेत पाऊल ठेवावं तर डोक्यावर नुसती पांढरी-गुलाबी फुलं. धाकटी सकाळपासून कामाला जुंपलेली. छाटणीच्या फांद्या हातगाडीवर घालून ओढल्या, खोडांना चुना लावला, पावसाळ्यात बुजलेला चर मोकळा केला, कुंपणाचा कललेला खांब दगड ठोकून सरळ केला. दुपारी ती पाचोळा गोळा करायला लागली आणि झाडांच्या दोन ओळींमध्ये त्याचे ढीग घालत गेली. आधी वरच्या टोकाला, मग खालच्या. प्रत्येक ढिगावर पाणी शिंपडलं.

फाटकाशी थोरला येऊन उभा राहिला.

“आज रात्री दव गोठणार म्हणतात,” तो म्हणाला.

“म्हणून तर हे चाललंय, दादा.”

“तू एकटी शेकोट्या करणार?”

“तुम्ही येताय का सोबतीला?”

थोरल्याने खिशातला मोबाईल काढून उगाच बघितला. “आपलं काय ठरलंय लक्षात आहे ना? या वर्षी फळ धरलं नाही, तर झाडं तोडून जागा मोकळी करायची. तुझा नवरासुद्धा हो म्हणालाय.”

“फळ धरलं नाही तर. आधी धरू तर द्या.”

“हट्ट करू नकोस. माणूस मिळणार नाही तुला. कोणी येणार नाही.”

हे मात्र खरं होतं. ती दोन दिवस दारोदार फिरली होती. गवंडी म्हणाला, कंबर धरली आहे. सुतार म्हणाला, बायको सोडत नाही. त्याची बायको आतून म्हणाली, मी कुठे काय बोलले! पण आला कोणीच नाही.

का आला नाही, ते समजायला बागेची पद्धत समजली पाहिजे. कडाक्याच्या रात्री जर्दाळूचा बहर वाचवायचा तर ओल्या पाचोळ्याच्या शेकोट्या करून झाडांखाली धूर कोंडावा लागतो. रात्रभर. त्याला दोन माणसं लागतात, प्रत्येक टोकाला एक. थंडी पाण्यासारखी उतारावरून खाली जाऊन साचते, त्यामुळे खालचं टोक जास्त अवघड. ते सासरे कायम स्वतःकडे ठेवत. धुरात ओरडायला गेलं की ठसका लागतो, म्हणून दोन्ही टोकांना फांदीला पत्र्याचा डबा टांगलेला असे आणि बाजूला काठी. एकाने दोनदा वाजवायचं, दुसऱ्याने दोनदा उत्तर द्यायचं. मी जागा आहे, माझा जाळ ठीक आहे, एवढाच अर्थ. आणि उत्तर आलं नाही, तर हातातलं काम टाकून दुसऱ्या टोकाकडे पळत सुटायचं. कारण धुराने माणूस गुंगतो. पडतो. उठत नाही.

तीन वर्षांपूर्वी अशाच एका रात्री सासऱ्यांनी खालून डबा वाजवला. वरून उत्तर आलं नाही. वरच्या टोकाला ज्याने उभं राहायचं होतं, तो त्यांचाच मुलगा घरात जाऊन झोपला होता. सासऱ्यांच्या छातीत कळ आली असावी, त्यांना चढ चढवेना. मग ते वाजवत राहिले. खूप वेळ. सगळी वस्ती कूस बदलत ऐकत राहिली. उजाडल्यावर ते सापडले, डब्याच्या खाली. काठी हातातच होती.

धाकटी तेव्हा शहरात होती, नवऱ्याजवळ. बातमी आली त्या दिवशी तिने इकडे यायला ट्रंक भरली ती कायमची.

त्यानंतर दर वसंतात, दव गोठायची रात्र आली की बागेच्या खालच्या टोकाला डबा वाजायचा. वस्तीने लगेच नियम केला: उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं की तो वर येतो. रात्री बागेत कोणी पाऊल टाकायचं नाही. तिला एकटीला काय जमणार? दोन वसंत बहर काळा पडला आणि गळाला.

“म्हणजे मेलेल्या माणसाला घाबरायचं, आणि त्याला जिवंतपणी मरू देणाऱ्याला नाही?” कॉलेजातली भाची मध्येच उसळली.

“हेच तिने विचारलं होतं,” मामा म्हणाले. “म्हणून तर ती कुणाला आवडत नव्हती. ऐक आता.”

अंधार पडला तसा वारा पडला. आभाळ लख्ख. खोडावर टांगलेल्या थर्मामीटरचा पारा डोळ्यांदेखत उतरत होता. धाकटीने नवऱ्याचा जुना जाड कोट चढवला, तोंडाला फडकं बांधलं आणि वरच्या टोकाचे ढीग पेटवले. धूर जमिनीलगत पसरला. झकास. आता पळत खाली जायचं, तिथले ढीग पेटवायचे, पुन्हा वर यायचं, असं रात्रभर. तिने तसंच ठरवलं होतं. जीव गेला तरी चालेल, बहर जाता कामा नये.

ती अर्ध्या उतारावर आली असेल.

ठण्. ठण्.

खालून.

ती जागच्या जागी थांबली. रस्त्यापलीकडे खिडक्या लागल्याचे आवाज आले, एकामागून एक. थोरल्याच्या घरातला दिवा विझला. आणि तिच्या कोटाच्या खिशात मोबाईल थरथरला.

“घरात जा,” थोरल्याचा आवाज. दबका. “आत्ताच्या आत्ता.”

“शेकोट्या कोण बघणार?”

“मरोत त्या शेकोट्या! ऐकलंस ना तू? उत्तर देऊ नकोस. तो वर येतो.”

“कोण येतो, दादा?”

पलीकडे खिडकीची कडी सरकल्याचा आवाज आला.

“नाव घ्या ना. तुम्ही त्यांना काय म्हणायचात? कोण येतो?”

फोन बंद झाला.

ठण्. ठण्.

ती घाबरली होती. हे तिने मला स्वतः सांगितलं, लपवलं नाही. पण भीतीच्या खाली काहीतरी पेटलं होतं. तीन वर्षं हा माणूस वाजवतो आहे. तीन वर्षं अख्खी वस्ती मुकी. आणि हे म्हणे शहाणपण!

ती पळत वर गेली. वरच्या टोकाच्या डब्यासमोर उभी राहिली. काठी उचलली.

आणि वाजवलं. दोनदा. जोरात.

सगळं थांबलं.

ओढ्याचं पाणीसुद्धा थांबल्यासारखं वाटलं. कुत्री गप्प. धूर गप्प.

मग...

ठण्. ठण्.

जवळून. आता ओढ्याकडून नव्हे. मधल्या ओळीतून. जिथे डबा नव्हताच.

धुरात काही दिसत नव्हतं. काहीतरी उभं होतं. किंवा झाड होतं. तिने काठी दोन्ही हातांत धरली.  आवाज निघाला तो रडका नव्हता. चिडका होता.

“बाबा, वर यायचं नाही!”

तिने काठी जमिनीवर आपटली.

“वरचं टोक मी बघते आहे. मी जागी आहे. उत्तर दिलं ना मी? आणखी काय हवंय? तीन वर्षं नुसता डबा बडवताय. बहर जळतोय तिकडे खाली. ढीग मी घालून ठेवलेत, पाणीही शिंपडलंय. काडेपेटी डब्याच्या खाली दगडावर आहे. करायचं असेल तर काम करा, नाहीतर मला करू द्या. मला घाबरायला वेळ नाही.”

बोलून झालं आणि तिचे दात वाजायला लागले.

काही हललं नाही. बराच वेळ.

मग खाली, ओढ्याच्या अंगाला, एक लाल ठिपका दिसला. फुंकर घातल्यासारखा तो वाढला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग धूर. खालच्या टोकाहून सरळ, नीट, झाडांच्या फांद्यांखालून पसरत येणारा धूर.

ठण्. ठण्. ओढ्याकडून.

तिने डोळे पुसले. उत्तर दिलं.

रात्र अशीच गेली. ती ढीग उकरायची, ओला पाला घालायची, डब्याशी यायची. ते वाजवायचे, ती वाजवायची. पुढे पुढे तिला भीती वाटेनाशी झाली. कोणाबरोबर तरी काम चाललंय, एवढंच वाटायला लागलं. एकदा तर तिने वाजवायला उशीर केला तेव्हा खालून डबा असा तडातड वाजला की ती ओरडली, “आले हो आले! दोन हात आहेत मला.”

पहाटे कडाका सगळ्यात वाईट. एक मोठा ढीग आत ढासळला. ती वाकून तो उकरायला गेली आणि धुराचा लोट सरळ तोंडावर आला. फडकं सुटलं. एक श्वास. दुसरा. गुडघे टेकले. डबा हाताच्या अंतरावर होता. हात उचलवेना.

ठण्. ठण्.

तिने ऐकलं.

ठण्. ठण्.

जीभ जड. डोळे जड.

ठण् ठण् ठण् ठण्...

थांबलं.

मग पावलं. उतारावरून वर. धावत. जड, म्हातारी, धापा टाकणारी पावलं. एक ओळ. पुढची ओळ. अगदी जवळ...

खांद्यावर गार काहीतरी पडलं.

डोळे उघडले तेव्हा ती फाटकाबाहेर मोकळ्या हवेत होती, भिंतीला पाठ टेकून बसलेली. ऊन पडलं होतं. फाटकापर्यंत ती कशी आली, तिला माहीत नाही. समोर सायकल लावून दूधवाली उभी होती आणि तिच्या तोंडावर पाणी मारत होती.

“जिवंत आहेस ना गं? मग बोल की काहीतरी, जीव टांगणीला लावलास!”

“बहर?” धाकटी म्हणाली.

“तूच बघ.”

ती उठली, भिंत धरून. वरून खालपर्यंत बाग पांढरी-गुलाबी. एक फूल काळं नव्हतं. खालच्या टोकाला राखेचे ढीग अजून धुमसत होते.

आवाज ऐकून लोक जमले. गवंडी आला, कंबर बरी झालेली. सुतार आला. सगळ्यांच्या मागून थोरला आला, इस्त्रीचा शर्ट घालून.

“खाली तूच गेली असशील,” तो म्हणाला. “धुराच्या गुंगीत आठवत नसेल तुला. बाकी काही नाही.”

“असेन,” धाकटी म्हणाली. “पण बहर धरला. झाडं तोडायची गोष्ट आता काढायची नाही. या सगळ्यांसमोर सांगते आहे.”

थोरला काही बोलणार होता. पण दूधवालीने धाकटीला धरून वळवलं, आणि सगळ्यांना तिच्या कोटाचा खांदा दिसला.

त्यावर एक हात उमटलेला होता. पाच बोटं, रुंद पंजा. पांढराशुभ्र, गोठलेल्या दवाचा. पकडून ओढावं तसा, बोटं आत रुतवून.

 सुताराने हात पुढे केला आणि मागे घेतला. थोरल्याचा चेहरा पडला, पण आवाज त्याने चढवला.

“दव आहे ते! रात्रभर बाहेर राहिल्यावर काय होणार? उन्हात वितळेल.”

तो तिथेच उभा राहिला, वितळायची वाट बघत. सगळेच उभे राहिले. ऊन फाटकावर आलं. भिंतीवर आलं. कोटावर आलं. गवंड्याने टोपी काढून कपाळ पुसलं. गवतावरचं दव सगळं वाळून गेलं. खांद्यावरचा हात होता तसाच होता, एकही थेंब न गळता.

शेवटी दूधवालीने आपली सायकल वळवली आणि थोरल्याकडे बघत म्हणाली, “माझी सीट तापली हो उन्हात. हे कधी वितळणार म्हणालात?”