बालान्न

झरावान खोऱ्याच्या आतल्या नाक्यावर बंडखोरांनी मदतीचा ट्रक अडवला होता. त्यावर चढलेले सैनिक लहान मुलांसाठी पाठवलेली पौष्टिक बिस्किटे जागीच फोडून खात होते. उंचावर घिरट्या घालणाऱ्या टेहळणी ड्रोनने टिपलेले ते दृश्य मदतकेंद्राच्या प्रयोगशाळेतल्या पडद्यावर स्वच्छ दिसत होते. एकाने रिकामे खोके लाथेने दरीत उडवले आणि बाकीचे हसले.

"मेले, पोरांच्या तोंडचा घास खातात आणि वर हसतात!" डॉ. हेमांगी कुडाळकरने पडदा बंद केला. ती जीवरसायनशास्त्रज्ञ होती. खोऱ्याला शेजारच्या राजवटीच्या फौजेने वेढा घातला होता, आत नाका धरून बसलेले सरदार काशेरचे बंडखोर होते आणि दोघांच्या मध्ये माणसे उपाशी मरत होती.

"हे नेहमीचंच आहे, हेमांगी," मदतकेंद्राचे संचालक डॉ. प्रभंजन आठल्ये म्हणाले. "भुकेल्या सैनिकापुढून धान्य नेता येत नाही."

"नेता येईल, सर. त्याला पचणारच नाही असं धान्य नेलं तर."

तिने पांढरट पिठाची बशी त्यांच्यापुढे सरकवली. खोऱ्यातल्या एकमेव दवाखान्याची डॉक्टर झरीन तोराबी दूरसंपर्कावर होती. तीही आपल्या पडद्याजवळ सरकली.

"पिठात साखरेचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडलेले असतात," हेमांगी सांगू लागली. "आपल्या आतड्यातली विकरं ती साखळी तोडतात. विकर म्हणजे कात्रीच समजा. साखळी तुटली की साखर रक्तात जाते. मी या साखळीच्या कड्या बदलल्या आहेत. तेल आणि प्रथिनंही त्याच साखळीत बांधून टाकली आहेत. ही नवी कडी कापणारी कात्री फक्त लहान मुलांच्या आतड्यात असते. तिला मी बालविकर म्हणते. मूल वयात येऊ लागलं की शरीर ती बनवणं थांबवतं."

"आणि मोठ्यानं खाल्लं तर?" आठल्यांनी विचारले.

"पोटात कळा, जुलाब. मरणार नाही, पण पुन्हा गोणीला हातही लावणार नाही."

आठल्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले. "न लुटता येणारं अन्न!"

"आणि आयांनी काय खायचं?" झरीनने विचारले.

"त्यांचं धान्य वेगळं जाईलच की," हेमांगी म्हणाली. तिला ते तेव्हा अगदी सरळ वाटले होते.

बालान्नाचा पहिला ताफा नाक्यावर लुटला गेला. दुसरा अर्धाच लुटला गेला. तिसऱ्या वेळी सैनिकांनी गोण्या पाहून नाके मुरडली आणि ट्रक सोडून दिले. प्रयोगशाळेत पेढे वाटले गेले. मुलांची वजने वाढू लागली, जगभरच्या बातम्यांत आठल्ये दिसू लागले.

मग वेढा घालणाऱ्या फौजेने कळवले, की यापुढे वेढ्यातून फक्त बालान्न आत जाऊ दिले जाईल. मुलांची सोय झालीच आहे. इतर धान्य शेवटी बंडखोरांच्याच पोटात जाते. मदत समितीने एका बैठकीत ते मान्य केले.

"मान्य केलं?" हेमांगी आठल्यांच्या खोलीत शिरली ती दार आपटूनच. "मोठ्या माणसांना उपाशी मारायला परवानगी दिलीत तुम्ही!"

"मी परवानगी दिली नाही. नाहीतर बालान्नही अडवलं असतं त्यांनी. निदान मुलं जगताहेत."

"माझ्या पिठाच्या नावाखाली हे चाललंय, सर!"

"मग तू दुसरा मार्ग सांग."

ती प्रयोगशाळेत परतली. तिकडे झरीनचे निरोप तुटक होत गेले. एका घरात तीन गुबगुबीत भावंडे आईच्या प्रेताशेजारी बसलेली सापडली. ती आईला बालान्नाची पेज पाजत होती. ते वाचून हेमांगी कितीतरी वेळ हात धूत राहिली.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट घडली. नाक्यावर बालान्नाची लूट पुन्हा सुरू झाली. आजारी पाडणाऱ्या गोण्या कोणी का न्याव्यात? काशेरच्या माणसांनी बालविकर बनवायची युक्ती शोधली असावी, असा हेमांगीला संशय आला. ती पुढच्याच ताफ्याबरोबर खोऱ्यात गेली.

झरीन दवाखान्याच्या दारात उभी होती. गालफडे बसलेली, डोळे मात्र तेच. हेमांगीने पाहिले तर मोठ्यांच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती आणि मुलांचा वॉर्ड रिकामा होता.

"मुलं बरी झाली म्हणून?" तिने विचारले.

"चला, दाखवते," झरीन म्हणाली.

नाक्यावरच्या तंबूपुढे काशेर खुर्चीवर बसला होता. त्याची मनगटे काटकीसारखी झाली होती. त्याच्यामागे ओळीने मुलेमुली उभी होती, बाह्या दुमडलेल्या गणवेशात, खांद्याला बंदुका. त्यांचे गाल भरलेले होते. शेवटच्या मुलीचे पुढचे दात नुकतेच पडलेले होते.

"या, डॉक्टरीणबाई. तुमचे आभार मानायचे राहिले होते," काशेर म्हणाला.

हेमांगी त्या शेवटच्या मुलीकडेच पाहत राहिली.

"वेढ्यात फौज पोटावर टिकते. तुम्ही माझ्या माणसांचं अन्न तोडलंत. काही मेली, काही पळाली. मग माझ्या लक्षात आलं, या खोऱ्यात बंदूक उचलायची ताकद फक्त पोरांत उरली आहे, आणि त्यांचा शिधा तर तुम्हीच घरपोच पाठवताय. हल्लीच्या बंदुकाही हलक्या असतात."

"आणि मोठी झाली की?"

"आवाज फुटला की त्यांनाही तुमचं पीठ पचत नाही. मग घरी पाठवतो. त्यांच्या जागी नवी घेतो."

"घरी कोण उरलंय त्यांच्या?" हेमांगी ओरडली.

"ते मला विचारता?" काशेर शांतपणे म्हणाला. "आयांचं धान्य मी नाही अडवलं."

परत आल्यावर तिने समितीपुढे सारे सांगितले. आठल्यांनी एक आलेख पडद्यावर लावला. खोऱ्यातले बालकुपोषण जवळजवळ संपले होते.

"इतकं यश आपल्या कुठल्याच मोहिमेला मिळालेलं नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मात्र पडलेला होता.

"कत्तलखान्यात पाठवायच्या बोकडांचंही वजन वाढलेलंच असतं, सर!"

"मग काय, बालान्न थांबवू? मुलं मरतील."

"थांबवलंत तर मरतील, चालू ठेवलंत तर मारतील आणि मग मरतील. काशेरला पोरं हवीत, कारण तेवढ्यांनाच ते पचतं. सगळ्यांना पचू दे! मी खमीर तयार करू शकते. त्यातलं यीस्ट बालविकर बनवेल. त्यात पीठ भिजवून ठेवलं की कड्या तुटतील आणि कोणालाही ती भाकरी खाता येईल."

"सैनिकांनाही?"

"हो, सैनिकांनाही! खाऊ देत! भुकेल्या माणसाला अन्न देताना त्याचं वय आणि कपडे बघायला लागलो, तिथंच चुकलं. मीच चुकवलं."

समितीने मत घेतले. बालान्न मोठ्यांनाही पचू लागले तर वेढा घालणारी फौज सगळेच बंद करील, शिवाय न लुटता येणारे अन्न हीच आता संस्थेची ओळख होती. ठराव फेटाळला गेला.

हेमांगीने राजीनामा दिला नाही. तिने खमीर केले, एका बरणीत भरले आणि पुढच्या ताफ्याबरोबर पुन्हा खोऱ्यात गेली. फौजेच्या तपासनिसाने बरणी हुंगली, आंबट वासाने तोंड वाकडे केले आणि परत दिली.

झरीनने तिच्यादेखत पीठ भिजवले. दुसऱ्या दिवशी फुगलेल्या पिठाची भाकरी तिने स्वतः आधी खाल्ली. दोघी वाट पाहत बसल्या. कळा आल्या नाहीत. संध्याकाळी झरीनने दुसरी भाकरी मागून घेतली आणि खाता खाता रडू लागली.

"शेजारणीला वाटीभर दे," हेमांगी म्हणाली. "तिला सांग, तिनं पुढे द्यायचं. विरजणासारखं. एकदा घराघरांत गेलं की कोणाच्या बापाला थांबवता यायचं नाही."

महिनाभरात आठल्यांनी तिला बोलावले. ते संतापले होते. "नाक्यावर लूट चालू आहे! बालान्न मोठ्यांना पचतंय, बातम्या झाल्यात. संस्थेची अब्रू गेली. तुला काढून टाकण्यावाचून पर्याय नाही."

"काढा. पण वेढेवाल्यांनी ताफे बंद केले, तर त्याच बातमीवाल्यांना त्यांचं नाव घेऊन सांगा. तेवढी तरी अब्रू ठेवा," हेमांगी म्हणाली आणि तिने टेबल आवरायला घेतले. खोके भरत असताना झरीनचा निरोप आला.

"काशेरचे पळालेले लोक भाकरीच्या वासानं परत आले आहेत. अन्न आता सगळ्यांत वाटलं जातं, म्हणून त्यानं मुलांना खायला काळ म्हणत नाक्यावरून हाकलून दिलं. सगळी आली नाहीत. जी आली, ती दवाखान्याच्या अंगणात बसली आहेत, आणि ज्यांच्या आया आहेत त्या त्यांना घेऊन जाताहेत. आज पुन्हा ताफा लुटला गेला, डॉक्टर. मी स्वतः नाक्यावर जाऊन पाहिलं. लुटणारे सगळे दाढीमिशांचे होते."