तक्त्याला काना-मात्रा नसतात

“हे अक्षर आहे का चिरडलेला मुंगळा?” तो पुटपुटला.

तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर बसवायला ती वाकली होती, त्यामुळे ते थेट तिच्या कानात शिरलं. हसू दाबताना हातातली काच निसटली… त्याने ती अलगद झेलली.

तेव्हा तिच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. अक्षरांचा तक्ता पुठ्ठ्याचा, कडांनी पिवळा पडलेला. मधल्या पडद्यामागे आत्याचं स्वयंपाकघर. आता तिथे यंत्रं आहेत. पण यंत्रात डोकावताना कुणी कुणाच्या कानाशी पुटपुटत नाही.

तो टेकडीवरच्या मनोऱ्यात बसून जंगलात कुठे वणवा लागतोय का, ते बघायचा. दुपारी लांबचे डोंगर निळसर, धुरकट दिसतात, ही त्याची तक्रार.

“धुरकटपणा हवेत आहे, तुमच्या डोळ्यांत नाही,” ती म्हणाली. “नंबर शून्य.”

“म्हणजे काही उपाय नाही?”

“पालक खा. मका, अंड्यातलं पिवळं. त्यातला पिवळा रंग डोळ्यात आतल्या पडद्यावर साठतो, निळा उजेड थोडा गाळतो. लांबचं जरा स्वच्छ दिसू शकतं, असं म्हणतात. शकतं हं… हमी नाही. आणि महिनोन् महिने खावं लागतं.”

“मग महिनोन् महिने दाखवायलाही यावं लागेल,” तो गंभीरपणे म्हणाला.

आणि येत राहिला. पालकाची जुडी आत्याच्या हातात द्यायचा – “मला शिजवता येत नाही हो.” आत्या ती निवडता निवडता पडद्याआडून कान लावायची. वडिलांना नेमक्या तेव्हाच कोपऱ्यातल्या कपाटाच्या काचा मळलेल्या दिसायच्या.

“काही फरक?”

“आहे ना. काल तुमच्या गच्चीवरची पिवळी ओढणी दिसली.”

“मनोऱ्यावरून जंगल बघायचं असतं.”

“बघतो की. मध्ये गच्ची येते, त्याला मी काय करू?”

सगळ्यांना सगळं कळत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

मग एकदा तो रिकाम्या हाताने आला. “पलीकडच्या डोंगररांगेत बढती मिळतेय. जायचं की नाही, आज कळवायचंय.”

वडिलांचा फडका थांबला. “चांगलंय.”

“थंड असेल तिकडे,” पडद्यामागून आत्या.

“पालक मिळतो का तिथे?” तिने विचारलं. आणि स्वतःचाच राग आला तिला.

“बसा,” ती म्हणाली. “एकदा तपासते.” फ्रेम चढवली, छडी उचलली. “हे?”

“न.”

“हे?”

“क.”

छडी खालच्या ओळीवर सरकली. “आणि… हे?”

“ज.” छडी आणखी एका अक्षरावर गेली. “ऊ. नकजऊ? असा शब्दच नाही.”

“तक्त्याला काना-मात्रा नसतात. तुम्ही लावा.”

“लावीन… पण चुकीच्या लागल्या तर?” त्याचा आवाज एकदम लहान झाला. “मला लांबचं दिसतं हो. जवळच्याचीच खात्री नसते.”

तिने छडी ठेवली, त्याच्या नाकावरची फ्रेम उतरवली. मध्ये एकही काच उरली नाही.

“नका जाऊ,” ती म्हणाली.