पंधरा दिवसांचा नियम

आपल्या प्रयोगशाळेतल्या रेहाना मुलाणीच्या पत्राला डॉ. वामन केळुसकरांनी नऊ वर्षांत उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता : ‘सर, शस्त्रक्रिया दोन्ही पिंजऱ्यांतल्या उंदरांवर झाली. मग पहिल्या पंधरा दिवसांत औषध मिळालेलेच जास्त का मेले?’

त्यांच्या पेशीसंवाद प्रयोगशाळेत एक नियम होता. जठराच्या कर्करोगाची गाठ रोपल्यावर जो उंदीर पंधरा दिवसांच्या आत मरेल, तो शस्त्रक्रियेने मेला असं धरायचं, न उघडता जाळायचा आणि मोजणीतून वगळायचा. रेहानाची शंका खरी असावी असं केळुसकरांना वाटलं होतं. पण आपल्याला वाटतं ते खरं असेल, यावर त्यांचा कधी भरवसाच नव्हता. त्यांनी पत्र सहकारी शशांक बिवलकरला दाखवलं. “पोरगी हुशार आहे, पण उतावळी,” तो म्हणाला. केळुसकरांनी पत्र खणात ठेवून दिलं. रेहाना नोकरी सोडून मिरजेला शिकवायला गेली आणि बिवलकरचं ते औषध, ‘स्थिरक’, जगभर पोचलं.

आता केळुसकरांच्या पत्नीला, सुमतीला, जठराचा कर्करोग झाला होता आणि सोमवारपासून स्थिरक सुरू व्हायचं होतं. बिवलकरलाही तोच आजार झाल्याचं कळलं, म्हणून रविवारी सकाळी ते त्याच्याकडे गेले.

“ये वामन. जन्मभर जठराच्या मागे लागलो, शेवटी त्यानेच गाठलं बघ!”

“स्थिरकचा कितवा आठवडा?”

“घेत नाहीये.”

“झेपत नाही?”

बिवलकर पेज ढवळत राहिला. मग म्हणाला, “गाठीतली पेशी बाहेर का पडते?”

“परीक्षा घेतोस? शेजारच्या पेशी संदेशरेणू सोडतात. तो तिच्या पृष्ठभागावरच्या ग्राहकाला चिकटतो, आत एकामागून एक प्रथिनं जागी होतात आणि ती शेजारणींचा हात सोडून पोटाच्या पडद्याकडे निघते. स्थिरक तो ग्राहक झाकतं. निरोप पोचत नाही, पेशी जागची हलत नाही.”

“आणि आधीच पडद्यावर जाऊन बसलेली?”

“ती झोपून असते.”

“कशामुळे?”

“कशामुळे म्हणजे?”

“त्याच निरोपामुळे,” बिवलकर म्हणाला. “प्रवासाला निघालेली पेशी वाढत नाही. दोन्ही एका वेळी जमत नाही तिला. निरोप येतोय तोवर ती नुसती बसून राहते. तो तोडला, की तिला वाटतं, पोचले. मग वाढायला लागते. ज्यांची एकही पेशी बाहेर पडलेली नसते, ते स्थिरकाने वाचतात. माझ्या पेशी पडद्यावर गेल्यात. झोपू देत त्यांना.”

“कधी कळलं तुला हे?”

“रेहानाच्या पत्रानंतर. चार उंदीर न जाळता उघडून पाहिले. पडद्यावर गाठीच गाठी होत्या.”

“शशांक, सुमतीच्या पडद्यावर पेशी आहेत. तिचे कागद तू पाहिलेस.”

“वहिनींना नको म्हटलं असतं, तर तू कारण विचारलं असतंस.”

“चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलास रे.”

“आणि तू? शंका तर तुलाही आली होती. नऊ वर्षांत एकदा तरी विचारलंस? आणि तो नियम कोणाचा, तेही एकदा बघ जा.”

केळुसकरांनी जिन्यातूनच रुग्णालयाला फोन करून औषध थांबवलं. तिथून ते थेट प्रयोगशाळेत गेले. नियम बिवलकरचा होता, अशी त्यांची पक्की समजूत होती. जुन्या नोंदवहीत तो सापडला. अक्षर त्यांचंच होतं. खाली कारण होतं : ‘मेलेले सगळे उंदीर उघडून पाहायला सवड होत नाही.’

घरी येऊन त्यांनी सुमतीला सगळं सांगितलं. औषध घेतलं तर झोपलेल्या पेशी जागतील, न घेतलं तर गाठीतून नव्या निघत राहतील, हेही.

“म्हणजे दिवस थोडे जास्त मिळतील, एवढंच,” ती म्हणाली.

“एवढंच.”

मग ते लिहायला बसले. ‘रेहाना, तुझं बरोबर होतं. ते उंदीर औषधानेच मेले. बिवलकरने ते लपवलं. पण ज्या नियमाआड लपवलं, तो माझा. वह्यांच्या प्रती सोबत आहेत. माझ्या नावासकट छाप. एका रुग्णाचं औषध आजच थांबवलं आहे.’

सुमतीने चष्मा लावून कागद वाचला. “एक रुग्ण काय लिहिता? माझं नाव घाला.”

त्यांनी घातलं.

सोमवारी, तिला पहिली मात्रा द्यायची ठरली होती त्या वेळी, दोघं टपाल कचेरीच्या रांगेत उभी होती. जाड पाकीट रजिस्टरने मिरजेला गेलं.